मोडनिंबची ‘लाइन क्लिअर’ आणि संगणकाचे पोर्ट

माढा तालुक्यातील मोडनिंब हे बार्शी लाइट रेल्वेच्या, १९०६ साली खुल्या झालेल्या, तेव्हा अडीच फुटी असलेल्या कुर्डुवाडी–पंढरपूर मार्गावरचे स्थानक. अशा एकेरी रुळावर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेत जी ‘लाइन क्लिअर’ची पद्धत रुजली, तिच्यात मागचा स्टेशनमास्तर पुढच्याला गाडी घेता येईल काय असे विचारतो आणि होकार मिळाल्याखेरीज गाडी सोडत नाही, फोनवरचा हा होकार पक्का मानण्यासाठी एक खासगी क्रमांकही सांगितला जातो. पुढच्या स्थानकाशी बोलणे होते, एवढ्यावरून ते गाडी घेण्यास मोकळे आहे असे ठरत नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

संगणकांच्या जाळ्यातही हाच भेद आहे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ हा प्रोग्राम कमांड लाइनवरून, म्हणजे टंकलेल्या आज्ञेने, दूरचे यंत्र हाकेला ओ देते की नाही एवढेच सांगतो. त्या यंत्रावरची विशिष्ट सेवा चालू आहे काय, हे मात्र पोर्टवर ठरते. पोर्ट म्हणजे ० ते ६५५३५ यांपैकी एक क्रमांक, ज्यावर ती सेवा वाट पाहत असते, जसे वेबसाठी ८० आणि टपालासाठी २५. ही चाचणी करण्याचे काम दीर्घकाळ ‘टेलनेट’कडे राहिले, जे खरे तर दूरच्या यंत्रावर बसल्यासारखे काम करण्यासाठी १९६९ पासून घडत गेले होते. त्यातून पासवर्डही उघडाच जात असल्याने मूळ कामातून ते बाद झाले, तरी पोर्ट ठोठावून पाहण्यापुरते टिकले; विळीने नारळ खवावा तसा हा उपयोग, पण सोयीचा. पुढे १९९०च्या दशकात आलेल्या ‘नेटकॅट’ने आणि नंतर विंडोजमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने ते काम अधिक नेमके केले.

उत्तरे तीन प्रकारची संभवतात. होकार आला तर पोर्ट उघडे. तत्काळ नकार आला तर बहुधा यंत्र जागे, पण त्या क्रमांकावर सेवा नाही. आणि काहीच आले नाही तर वाटेतल्या फायरवॉलने, म्हणजे ये-जा गाळणाऱ्या पहारेकऱ्याने, विचारणा गिळलेली असते किंवा यंत्रच बंद असते. यांतील तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा, कारण मौनावरून कारण कळत नाही. एकेरी मार्गावर सर्व संपर्क तुटला असता रेल्वेच्या नियमांतही त्यासाठी वेगळी तरतूद आहे: लाइन क्लिअरविना पुढे जाण्याचा लेखी अधिकार देऊन आधी एखादे सुटे इंजिन किंवा ट्रॉली सावकाश पुढच्या स्थानकाकडे धाडली जाते आणि संपर्क पुन्हा जुळवला जातो.