आधी प्रश्न, मग सॉफ्टवेअर

माझा एक जुना विद्यार्थी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचे अब्बा सायकलवर पाव विकतात. त्या सायकलला मोटर बसवणं हा त्याचा प्रोजेक्ट. परवा घरी आला. "सर, सिम्युलेशनला सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? चांगलं आहे ते फार महाग. मित्राकडे क्रॅक केलेलं आहे."

मी भाषा शिकवणारा माणूस. पण प्रश्न इमानाचाही होता, म्हणून थोडा इतिहास चाळला.

विजेची सायकल नवी नाही. मागच्या चाकातच मोटर असलेल्या सायकलचं पेटंट ऑग्डेन बोल्टन यांना अमेरिकेत 31 डिसेंबर 1895 रोजी मिळालं. 1899 मध्ये केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल यांनी सायकलच्या तोलाची समीकरणं मांडली, तेव्हा संगणक नव्हता. म्हणजे सिम्युलेशनचा जीव समीकरणात असतो. सॉफ्टवेअर ते पायरीपायरीने सोडवतं. या रीतीचं 'अल्गोरिदम' हे नावही नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मींवरून आलेलं.

मॅटलॅबची गोष्ट तर शिक्षकाचीच. क्लीव्ह मोलर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थ्यांना फोरट्रानमध्ये प्रोग्राम न लिहिता गणित करता यावं म्हणून ते तयार केलं. 1984 मध्ये त्याची कंपनी झाली आणि पुढे लायसन्सची किंमत आली. त्याच धर्तीचं सायलॅब फ्रान्समध्ये घडलं, ते आज मोफत आहे. 1997 मध्ये मॉडेलिका ही भाषा आली. ओपनमॉडेलिका तिच्यावरच चालतं, तेही मोफत. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प या दोन्हींचा प्रसार करतो. मग चोरी कशासाठी?

मी त्याला म्हटलं, "आधी प्रश्न ठरव. फ्रेम वाकेल का, हे विचारायचं असेल तर सॉफ्टवेअर वेगळं. चढ चढेल का, हे विचारायचं असेल तर वेगळं." त्याचा प्रश्न चढाचा होता.

आम्ही कागदावर मांडलं. माणूस, सायकल, पाव मिळून 120 किलो. चढ 5 टक्के. वेग ताशी 15 किलोमीटर धरला तर सुमारे 320 वॉट लागतात; 10 धरला तर सुमारे 205. आपल्या नियमांनुसार नोंदणी-लायसन्सशिवाय चालवायची तर मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग 25 च्या आत हवा. म्हणजे उत्तर वेगात दडलं होतं. मोटर किती तापेल, बॅटरी किती वेळ पुरेल, हे मात्र कागदावर जमेना. तिथे सायलॅब उपयोगी पडलं.

त्याच्या अब्बांनी एकच विचारलं, "चढावर उतरावं तर लागणार नाही ना?"

"दहाच्या वेगाने गेलात तर नाही," तो म्हणाला. हे उत्तर त्याने स्वतः काढलं होतं, आणि ते हलाल होतं.