घरून काम केल्याने कंपनीला काय मिळतं? हिंजवडीच्या निमित्ताने समजून घेऊ

हिंजवडी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात: आयटी पार्क आणि ट्रॅफिक. मुळशी तालुक्यातल्या या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्या आहेत. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथली ऑफिसं ओस पडली, पण काम घरून सुरू राहिलं. मग ही सोय फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याची आहे का?

माणसं टिकतात
चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला. निम्म्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिलं. त्यांच्यात राजीनाम्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. कामाचा दर्जा आणि बढत्या यांवर परिणाम झाला नाही. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. सर्वाधिक फरक पडला तो महिला आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. हडपसरहून हिंजवडी गाठणाऱ्याला याचं कारण सांगावं लागणार नाही. अनुभवी माणूस गेला की नवी भरती, ट्रेनिंग आणि रखडलेलं प्रोजेक्ट, हा सगळा खर्च कंपनीलाच पडतो.

खर्च वाचतो, काम थांबत नाही
सगळे एकाच दिवशी येणार नसतील, तर कमी जागा, कमी वीज आणि कमी बसमध्ये भागतं. पावसात रस्ते तुंबले तरी क्लायंटचं काम अडत नाही. सातारा, सांगली, नांदेडमधल्या उमेदवारांनाही घेता येतं.

मग कंपन्या परत का बोलावतात?
नवख्यांना शेजारी बसून शिकायला मिळतं, टीमची ओळख होते, क्लायंटचा डेटा ऑफिसात सांभाळणं सोपं जातं. टीसीएसने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना पुन्हा आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं.

वरच्या प्रयोगातही आधी मॅनेजरांना काम घटेल असंच वाटत होतं; सहा महिन्यांनी त्यांचं मत बदललं. पण तिथेही आठवड्याचे तीन दिवस ऑफिस होतंच. म्हणून तुमच्या मॅनेजरशी बोलताना ‘कायमचं घरून’ मागण्यापेक्षा ठरलेले दोन दिवस मागा आणि काम कसं मोजायचं, हेही आधीच ठरवून घ्या.