मणक्यांमधील चकतीचे पोषण : रचना व वहन यांच्या अभ्यासाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानवी पाठीच्या कण्यात मणक्यांच्या दरम्यान २३ चकत्या असतात. प्रौढावस्थेत त्यांच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. रक्तपुरवठ्यावाचून तेथील पेशी जगतात कशा, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याची प्रयोगाधिष्ठित उकल होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या विलंबाची कारणे आणि त्या प्रश्नाने चकतीच्या ऱ्हासाविषयीच्या विचारास दिलेली दिशा यांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

रचनेचा अभ्यास

१८५८ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ह्युबर्ट फॉन लुश्का यांनी मानवी शरीरातील अर्धसांध्यांवरील ग्रंथात चकतीचे सविस्तर वर्णन केले. पुढे ड्रेस्डेन येथील विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी १९२० च्या दशकात हजारो कण्यांचे परीक्षण केले. चकतीतील गर मणक्याच्या अस्थीत शिरून होणाऱ्या गाठी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. १९३४ मध्ये बोस्टन येथील मिक्स्टर व बार यांनी फाटलेली चकती आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध स्पष्ट केला. त्यामुळे शस्त्रक्रियेचा मार्ग प्रशस्त झाला; त्याचबरोबर चकती म्हणजे भार सोसणारा, झिजणारा व फाटणारा भाग, ही यांत्रिक कल्पनाही दृढ झाली. विच्छेदनात रचना दिसते, वहन दिसत नाही. उपरोक्त विलंबाचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

रचनेकडून वहनाकडे

स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत व्यक्तीच्या चकतीतील दाब मोजला होता. यांत्रिक परंपरेतील याच संशोधकाने १९७० मध्ये सहकाऱ्यांसमवेत मानवी चकत्यांतील रंगद्रव्याचे विसरण तपासले. मणका व चकती यांमधील कूर्चामय अंत्यपट्टिकेचा मध्यभाग पारगम्य असल्याचे त्यातून दिसून आले. सांध्यांतील कूर्चेचा भौतिक-रासायनिक अभ्यास करणाऱ्या ॲलिस मारूडास यांच्या सहभागामुळे या प्रश्नास गणिती शिस्त लाभली. १९७५ मध्ये त्यांनी जिल अर्बन आदी सहकाऱ्यांसह चकतीतील पेशींची घनता व ग्लुकोजचे विसरण यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाभ्यात दर घन मिलिमीटरमागे सुमारे ४,००० पेशी असून, त्यांपैकी काही जवळच्या रक्तवाहिनीपासून ७ ते ८ मिलिमीटर दूर असतात.

या अंतराचे महत्त्व रचनेवरून कळते. गाभ्यातील प्रोटिओग्लायकनांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पाणी धरून ठेवले जाते व चकतीस भार पेलता येतो. पण मोठ्या रेणूंना आणि ऋणभारित आयनांना आत शिरणे कठीण होते. ग्लुकोज व ऑक्सिजन मात्र विसरणाने पोहोचतात. गाभ्याकडे जावे तसे त्यांचे प्रमाण घटते व लॅक्टिक आम्लाचे वाढते. भार पेलण्याची क्षमता आणि पोषणाची मर्यादा ही अशा रीतीने एकाच रचनेची दोन अंगे ठरतात.

दिवसभराच्या भाराने चकतीतील पाणी काही अंशी बाहेर पडते व रात्री परत येते. ही ये-जा पंपाप्रमाणे पोषक द्रव्ये आत नेत असावी, अशी कल्पना आकर्षक होती. परंतु १९८२ मध्ये अर्बन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत लहान रेणूंच्या वहनावर अशा प्रवाहाचा फारसा प्रभाव आढळला नाही.

भारतीय योगदान व समारोप

२००४ मध्ये कोइंबतूर येथील राजशेखरन व सहकाऱ्यांनी जिवंत व्यक्तींमधील विसरणाचा क्रमवार एमआरआय चित्रणाद्वारे अभ्यास केला. अंत्यपट्टिकेची स्थिती बदलली की विसरणाचा आकृतिबंधही बदलतो, हे त्यांनी दाखविले. तथापि पोषणातील घट हे ऱ्हासाचे कारण की परिणाम, हा वाद त्यामुळे संपत नाही. अंत्यपट्टिकेची हानी ही भाराचीही फलश्रुती असू शकते.

या वादाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. ऱ्हास पावलेल्या चकतीत नव्या पेशी सोडण्याचे उपचार संशोधनाधीन आहेत. पुरवठा अपुरा असताना पेशी वाढविल्यास मागणीच वाढेल आणि असलेल्या पेशींचीही उपासमार होईल. म्हणून पेशी सोडण्यापूर्वी त्या चकतीची पोषणवाट खुली आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते. केवळ रचनेकडे पाहणाऱ्या परंपरेस हा प्रश्न दीर्घकाळ सुचला नव्हता, हे येथे ध्यानी घ्यावे लागते.