पापणीपात : शस्त्रक्रियेचे पर्याय

वरची पापणी नेहमीच्या जागेपेक्षा खाली उतरण्याला पापणीपात म्हणतात. नेत्रवैद्यकात त्याला ‘टोसिस’ असे नाव असले, तरी दवाखान्यात येणारा रुग्ण ‘एक डोळा बारीक दिसतो’ किंवा ‘पापणी पडली आहे’ एवढेच सांगतो. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरचे झाकण आणि त्याच्या कडेचे केस अशा दोन्ही अर्थांनी येतो. येथे तो झाकण या अर्थाने घेतला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्त्माचे, म्हणजे पापणीचे, २१ विकार सांगितले असून त्यांपैकी ‘वातहतवर्त्म’ हा पापणीची हालचाल हरपण्याशी निगडित आहे.

सरळ समोर पाहताना निरोगी पापणी बुबुळाचा वरचा १ ते २ मिलिमीटर भाग झाकते. तिला उचलण्याचे मुख्य काम लिव्हेटर या स्नायूचे असते. तो डोळ्याच्या खोबणीच्या तळापासून निघतो, पुढे पातळ पण चिवट पडद्यासारखा पसरून पापणीला चिकटतो आणि तिसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेच्या आज्ञेवर चालतो. त्याच्या मागे म्युलरचा स्नायू असतो व तो पापणी आणखी सुमारे २ मिलिमीटर उचलतो. हे दोन्ही अपुरे पडले की माणूस नकळत कपाळाच्या स्नायूची मदत घेतो. म्हणूनच पापणीपात असलेल्या व्यक्तीच्या भुवया चढलेल्या आणि कपाळावर आठ्या पडलेल्या दिसतात.

कोणती शस्त्रक्रिया करायची हे पापणी किती पडली यापेक्षा लिव्हेटरमध्ये किती बळ उरले आहे यावर अधिक ठरते, आणि हे बळ मोजण्याची रीत अगदी साधी आहे. तपासणारा अंगठ्याने भुवई दाबून धरतो, जेणेकरून कपाळाची मदत मिळणार नाही. मग रुग्णाला आधी पायाकडे व नंतर छताकडे पाहायला सांगून पापणीची कड किती सरकली हे पट्टीवर वाचतो. हा आकडा निरोगी डोळ्यात १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ४ किंवा त्याहून कमी आला, तर स्नायू जवळजवळ निकामी समजतात. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी कारण मात्र शोधलेच पाहिजे. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळी उतरत असेल तर मायस्थेनिया या स्नायुदौर्बल्याची शंका घ्यावी लागते, आणि त्यावर पहिला उपचार औषधांचा असतो. पापणी अचानक पडून त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पापणीच्या शस्त्रक्रियेचा विचार बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे.

स्नायूचे बळ चांगले आणि उतार २ मिलिमीटरपर्यंतच असेल, तर पापणी उलटवून आतल्या बाजूने म्युलरचा स्नायू व त्यावरचे अस्तर थोडे कापून शिवता येते. फिनायलेफ्रिन या औषधाचा थेंब घातल्यावर पापणी वर येते का, हे आधी पाहतात. आली तर ही पद्धत लागू पडण्याचा संभव मोठा असतो. बाहेरच्या त्वचेवर व्रण राहत नाही, हा तिचा मोठा गुण.

उतारवयात, दीर्घकाळ कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यावर, किंवा क्वचित मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लिव्हेटरचा पडदा ताणला जातो अथवा त्याची पकड सुटते. स्नायू धडधाकट असतो, दोरी तेवढी सैल झालेली असते. पापणीच्या नैसर्गिक घडीतून छेद देऊन तो पडदा पुन्हा जागेवर टाचतात. हे काम शक्यतो फक्त जागा बधिर करून केले जाते, कारण मधेच रुग्णाला डोळे उघडायला, कधी उठून बसायलाही सांगून दोन्ही पापण्यांची उंची जुळवता येते. जन्मजात पापणीपातात मात्र स्नायूचे तंतूच नीट घडलेले नसतात, त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊती असते. तेथे मध्यम बळ असल्यास लिव्हेटर आखूड करतात.

बळ उरलेच नसेल तर पापणी कपाळाला टांगावी लागते. शल्यचिकित्सक याला ‘स्लिंग’ म्हणतात. मांडीच्या बाहेरच्या अंगाचे चिवट तंतुपटल, ज्याला फॅशिया लाटा म्हणतात, त्याच्या पट्ट्या पापणीतून ओवून भुवईच्या वर बांधतात. ती पट्टी मिळण्याइतकी मांडी साधारण तीन-चार वर्षांच्या वयात वाढते. त्याआधी घाई असेल तर सिलिकॉनची बारीक दोरी वापरतात, जी पुढे सैल होऊ शकते.

ही घाई कशासाठी, हे नीट समजून घेतले पाहिजे. पापणीने बाहुली झाकली, किंवा पापणीच्या भाराने बुबुळाचा आकार बिघडून चष्म्याचा नंबर आला, तर बालपणी तो डोळा पाहायला शिकतच नाही. त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. आपल्याकडे मुलीची पापणी लग्नाच्या बोलण्यांपर्यंत ‘दिसण्याचा प्रश्न’ म्हणून राहू दिली जाते. तेव्हा केलेली शस्त्रक्रिया चेहरा सुधारते, गेलेली नजर देत नाही. हनुवटी उचलून पाहणारे मूल शाळेत जाण्याआधीच तपासले गेले पाहिजे.

तपासणीसाठी कोठे जावे, हे पुण्याच्या कर्वेनगराचे उदाहरण घेऊन पाहू. तेथे वसतिगृहांतील विद्यार्थिनी आणि सोसायट्यांतील निवृत्त रहिवासी शेजारी शेजारी राहतात, म्हणजे लेन्समुळे आणि वयामुळे पापणी उतरण्याची दोन्ही कारणे एकाच वस्तीत भेटतात. येथून एरंडवण्याचे दीनानाथ मंगेशकर रुग्णालय जवळ आहे. सरकारी उपचारांसाठी ससून रुग्णालय, तर खास डोळ्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला महंमदवाडीचे ह. वि. देसाई नेत्ररुग्णालय आहे.

शस्त्रक्रियेनंतर पापणी कमी किंवा जास्त उचलली जाणे, दोन्ही बाजूंत फरक राहणे हे संभवते आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. एक पापणी उचलल्यावर दुसरी किंचित खाली येऊ शकते, कारण दोन्ही लिव्हेटरना मेंदूकडून सारखीच चालना मिळते. स्लिंग केलेले मूल झोपेतही डोळा पूर्ण मिटू शकत नाही. बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होऊ नये म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री झोपताना मलम घालावे लागते, आणि डॉक्टर थांबवायला सांगेपर्यंत ते चालू ठेवावे लागते.