‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि वांगणीचा प्रसंग : एक ऐतिहासिक विचार

मराठी चित्रपटाने स्वतःच्या व्यवसायाची थट्टा फारशी केलेली नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये बॉम्बे टॉकीजच्या प्रेमगीतांचे विडंबन येते, परंतु ते ओझरते. ‘धूमधडाका’ (१९८५) मधील चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला धनिकपुत्र तर मुळात तमिळ चित्रपटातून आलेला. संपूर्ण कथानकच नटांच्या आणि चित्रपटधंद्याच्या विनोदावर उभे राहिले ते परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मध्ये. ‘श्वास’ (२००४) नंतर ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरलेला हा दुसरा मराठी चित्रपट होय. प्रस्तुत लेखात त्याच्या कलामूल्यांची चर्चा करावयाची नसून, त्यातील हास्यामागे असलेल्या इतिहासाचा, आणि त्या इतिहासाशी भोर-वेल्हे परिसराचा संबंध जोडता येतो काय याचा विचार करावयाचा आहे.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ चे काम आरंभिले तेव्हा चित्रपटात काम करणे हा प्रतिष्ठित व्यवसाय नव्हता. म्हणून कोणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो’ असे सांगावे, अशी सूचना त्यांनी आपल्या माणसांना दिली होती असे सांगितले जाते. चित्रपटाचे शीर्षक त्यावरूनच आले आहे. स्त्री-भूमिकेसाठी स्त्रिया मिळेनात. वेश्यावस्तीतूनही नकार आला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती करण्यात आले. पुरुषांपुढे मिशांचा प्रश्न होता. वडील हयात असता मिशी काढणे अशुभ, ही समजूत आड आली. प्रेक्षक आज यावर मनमुराद हसतो. परंतु त्या नटांच्या दृष्टीने हा लोकापवादाचा आणि पोटाचा प्रश्न होता. मोकाशी यांनी ही बाजू हसतखेळत पुढे नेली आहे. किंचित अधिक सहज नेली आहे, असे माझे मत आहे. याच साळुंके यांनी पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्याकडे केवळ विनोदाचा विषय म्हणून पाहणे अन्यायाचे वाटते.

याच काळातील एक प्रसंग फाळके-चरित्रांतून वारंवार येतो. बाह्यचित्रीकरणासाठी मंडळी ‘पुण्याजवळील वांगणी’ गावी गेली. फाळके मागाहून येणार होते. ढाली, तलवारी आणि मुकुट घेतलेली ही टोळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला. पाटलापर्यंत वर्दी गेली आणि सर्वांना अटकेत ठेवण्यात आले. आम्ही ‘फॅक्टरीत’ काम करतो, या उत्तराने संशय वाढलाच असावा! फाळके येऊन पोहोचले ते रेल्वे स्थानकावर. तेथे कोणीच नव्हते. मग त्यांनी फौजदाराला कॅमेरा दाखवून, फिल्म न घालता एक दृश्य चित्रित करण्याचे नाटक करून नटांची सुटका केली, अशी ही हकिगत आहे.

येथे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास मोह पडतो. वेल्हे (सध्याचा राजगड) तालुक्यातही वांगणी नावाचे गाव आहे. राजगड आणि तोरणा यांच्या प्रदेशात भारतीय चित्रपटाचे पहिले बाह्यचित्रीकरण झाले असे म्हणता आले असते, तर भोर-वेल्ह्याच्या इतिहासास एक मानाचे पान लाभले असते. परंतु हकिगतीतील रेल्वे स्थानक या तर्काच्या आड येते. वेल्हे तालुक्यात आजही लोहमार्ग नाही. उलट ठाणे जिल्ह्यातील वांगणी कल्याण-कर्जत मार्गावर, म्हणजे मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. दादरला कार्यशाळा असलेल्या निर्मात्याने खर्चाचा विचार करून हेच गाव निवडले असणार. दुसरी बाब प्रशासनाची. राजगड आणि प्रचंडगड (तोरणा) हे त्या वेळी भोर संस्थानाचे तालुके होते. अशा मुलखात अटक झाली असती तर पंतसचिवांच्या अंमलदारांचा उल्लेख हकिगतीत कोठे तरी येणे अपेक्षित होते. तो येत नाही. ‘पुण्याजवळील’ हे विशेषण कोणा लेखकाने सैलपणे वापरले आणि पुढील लेखकांनी ते तसेच उचलले, हे अधिक संभवनीय दिसते.

तेव्हा वांगणीचा मान वेल्ह्याकडे ओढून आणणे योग्य ठरणार नाही. भोरच्या राजवाड्याचा चित्रीकरणाशी असलेला संबंध मात्र खरा आहे. वाड्याच्या चौकात कॅमेरा लागतो, तेव्हा गर्दीच्या दृश्यांत उभे राहणाऱ्या स्थानिक माणसांची नावे, त्यांना मिळालेला मोबदला आणि त्यांच्या आठवणी अद्याप पद्धतशीरपणे नोंदविल्या गेलेल्या नाहीत. त्या नोंदविण्याचे काम आमच्या महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांना सहज करता येण्यासारखे आहे.