भिलवडीचे भास्कर गणेश चितळे : कृष्णाकाठच्या दूधधंद्याचा एक अध्याय

आजचा सांगली जिल्हा 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि लगतच्या संस्थानांचे प्रदेश एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे भास्कर गणेश ऊर्फ बाबासाहेब चितळे यांनी साताऱ्याजवळचे लिंब हे गाव सोडून 1939 साली भिलवडीस दुधाचा धंदा मांडला, तेव्हाचे त्यांचे स्थलांतर एकाच जिल्ह्यातले आणि एकाच नदीच्या काठचे होते.

भिलवडीच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. कृष्णेच्या पाण्यावर वाढणारी वैरण आणि घरोघरी दावणीला असलेल्या म्हशी ही पहिली, तर पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानक ही दुसरी. या मार्गाने कृष्णेच्या खोऱ्यात कारखानदारीची एक माळच उभी केली होती : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना वसवला, तर कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना 1916 साली निघाला. परंतु किर्लोस्करांचा नांगर किंवा ओगल्यांचा कंदील वाघिणीत चार दिवस पडून राहिला तरी बिघडत नाही. दुधाला ती सवलत नाही. शिवाय हा मार्ग त्या काळी मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा असल्यामुळे मुंबईचा माल पुण्यास उतरवून रुंद रुळांच्या गाडीत चढवावा लागे.

शीतगृहाची सोय नसताना यावर खेड्यातील व्यावसायिकांपाशी जुनेच उपाय होते. दूध कढईत सतत ढवळत आटवले की त्याचा खवा होतो. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधापासून एक किलो खवा पडतो, म्हणजे वाहतुकीचे ओझे पाचपटीने घटते आणि टिकाऊपणाही वाढतो. दही फडक्यात बांधून पाणी निथळू दिले की चक्का उरतो, ज्याचे पुढे श्रीखंड होते. लोणी कढवून केलेले तूप तर महिनोन्‌महिने राहते. दुधाचा नासका स्वभाव ओळखून त्याला वेळेत दुसरे रूप देणे हीच या धंद्याची खरी विद्या होती, आणि तिच्यात सुट्टीला जागा नव्हती, कारण म्हैस सणवार पाहत नाही आणि दोन्ही वेळची धार काढावीच लागते.

भास्कररावांच्या कर्तृत्वाचा विचार करताना त्यांच्या कष्टांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घराच्या मांडणीकडे पाहावे लागते. दुधाचा उगम खेड्यात आणि गिऱ्हाईक शहरात, या अंतरात मधल्या दलालाचे फावते. चितळ्यांनी ते अंतर घरच्याच माणसांनी भरून काढले. रघुनाथराव ऊर्फ भाऊसाहेब व नरसिंह या मुलांनी पुण्याची बाजू सांभाळली, तर परशुराम व दत्तात्रय भिलवडीस राहिले. पुण्यात 1950 साली ‘चितळे बंधू मिठाईवाले’ हे दुकान सुरू झाले आणि भिलवडीच्या दुधाला रतिबाचे, म्हणजे रोज ठरलेल्या मापाने घरपोच दूध घेणारे, तसेच मिठाईचे असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक मिळाले. एकत्र कुटुंबाची पद्धत मोडकळीस येत असल्याची चर्चा मराठी मध्यमवर्गात चालू असलेल्या काळात तिचा असा व्यापारी उपयोग व्हावा, ही बाब सामाजिक इतिहासकारांनी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

महाराष्ट्रातील दूधव्यवसायाचा इतिहास बहुधा मुंबईची आरे वसाहत आणि सहकारी दूध संघ यांच्या अंगाने लिहिला जातो, त्यात अशा खाजगी डेअऱ्यांना चार ओळीही मिळत नाहीत. चितळे हे नाव पुण्याबाहेर ज्या बाकरवडीने नेले, ती 1970 च्या दशकातली; तोवर भिलवडीच्या डेअरीला तीस वर्षे उलटून गेली होती.