माशीला पंख दोनच का?

पावसाळ्यात सूर्यमाळच्या पठारावर रानफुले फुलली की मधमाश्या, फुलपाखरे आणि साध्या माश्या एकाच वेळी पाहायला मिळतात. विद्यार्थ्यांना त्यांचे पंख मोजायला सांगावेत. मधमाशीला चार, फुलपाखराला चार, माशीला मात्र दोनच. पण लांबलचक पायांची, मोठ्या डासासारखी दिसणारी माशी मिळाली तर भिंगातून तिच्या पंखांच्या मागे पाहावे. टाचणीसारख्या दोन दांड्या दिसतील. हे संतोलक. उडताना ते माशीचा तोल सांभाळतात, आणि ते मागच्या पंखांचेच बदललेले रूप आहे. हा बदल कसा होतो याचा शोध शंभराहून अधिक वर्षे चालला. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात गाठला गेला.

१८९४ साली इंग्लंडमधील विल्यम बेटसन यांनी एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव उगवल्याची अनेक उदाहरणे एका ग्रंथात गोळा केली. या प्रकाराला त्यांनी ‘होमिओसिस’ असे नाव दिले. त्या वेळी मेंडेलचे काम विस्मृतीत गेलेले होते. त्यामुळे या प्रकाराचा आनुवंशिकतेच्या नियमांशी मेळ घालणे शक्य नव्हते.

१९१५ मध्ये अमेरिकेत, मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत, कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक निराळी फळमाशी सापडली. (फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट.) तिचे संतोलक काही अंशी पंखांसारखे झाले होते आणि हा दोष पुढच्या पिढीत उतरत होता. या उत्परिवर्तनाला ‘बायथोरॅक्स’ म्हटले गेले. पुढे कॅलिफोर्नियात एडवर्ड लुईस यांनी अशा माश्यांवर अनेक दशके संकराचे प्रयोग केले. निरनिराळी उत्परिवर्तने एकत्र आणून त्यांनी पूर्ण चार पंखांची माशी तयार केली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या माशीला नुसते दोन पंख जादा आले नव्हते, तर तिच्या छातीचा तिसरा खंड बाहेरून दुसऱ्या खंडासारखा झाला होता. याचा अर्थ, बिघडलेले जनुक पंख घडवण्याचे काम करणारे नव्हते. पेशींना ‘तुम्ही तिसऱ्या खंडात आहात’ ही ओळख देणारे ते जनुक होते. ओळख पुसली गेली की त्याच पेशी दुसऱ्या खंडाप्रमाणे वागतात आणि पंख तयार होतो. ही जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने असतात, त्याच क्रमाने ती शरीराचे भाग ठरवतात, हेही लुईस यांनी १९७८ च्या आपल्या निबंधात मांडले. १९९५ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले.

लुईस यांचा आणखी एक तर्क होता. माशीचे पूर्वज चार पंखांचे होते. तेव्हा मागचे पंख दाबणारी जनुके माशीच्या वंशात नव्याने आली असावीत. तर्क सयुक्तिक होता, पण पुरावा निराळा निघाला. १९८३-८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत असे आढळले, की या जनुकांमध्ये १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखाच आहे. तसाच तुकडा बेडूक, उंदीर आणि माणसातही सापडला. माणसात अशी ‘हॉक्स’ जनुके ३९ आहेत. संतोलकाची ओळख देणारे ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हे जनुक तर मधमाशीत आणि पतंगातही मिळाले. तेथेही ते छातीच्या तिसऱ्याच खंडात काम करते! मग त्यांचे मागचे पंख शाबूत कसे राहतात?

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) एल. एस. शशिधरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधमाशीचे किंवा रेशमाच्या पतंगाचे हे जनुक त्यांनी फळमाशीत कामाला लावले, तेव्हा तिच्या पंखांची वाढ दबली. स्वतःच्या घरी पंख राहू देणारे जनुक परक्या घरी पंख दाबते! तेव्हा फरक या जनुकापेक्षा ते ज्यांना हुकूम देते त्यांच्यात असला पाहिजे. पंख घडवणारी कित्येक जनुके सुमारे ३० कोटी वर्षे तिन्ही कीटकांत त्याच्याच ताब्यात आहेत. मात्र त्या जनुकांचे नियंत्रण करणारे डीएनएचे तुकडे बदलले. त्यामुळे, निदान काही अंशी, माशीत तोच हुकूम वेगळ्या रीतीने पाळला जातो, असे या अभ्यासावरून दिसते.

‘अमुक अवयवाचे जनुक’ असे आपण वर्गात सहज बोलून जातो. ते किती अपुरे आहे हे हा इतिहास दाखवतो. माणसाच्या बाबतीतही त्याचा उपयोग आहे. ‘हॉक्स-डी-१३’ या जनुकातील बदलामुळे काही घराण्यांत जुळलेली आणि जादा बोटे येतात, हे १९९६ मध्ये कळले. जादा बोटांचे प्रत्येक उदाहरण या एकाच जनुकामुळे असते असे नाही. पण असे मूल जन्मले की आईने ग्रहण पाळले नाही म्हणून तिला बोल लावला जातो. त्या आईची बाजू घेताना शिक्षकाला माशीच्या संतोलकांपासून सुरुवात करता येईल.